दिवे गेले आणि डोक्यात प्रकाश पडला

२०२३ सालची वसुबारस. भातकापणी उरकून आम्ही तिघं जव्हारजवळच्या आमच्या पाड्यावरून दहिसरला परत निघालो होतो. जीप मी चालवत होते. यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, त्यामुळे ते शेजारी. मागे सासूबाई, तांदळाचं पोतं आणि दिवाळीसाठी घेतलेली नाचणी. जव्हार सोडून विक्रमगडच्या दिशेने उतार लागला. अमावास्या तीन-चार दिवसांवर, त्यामुळे चंद्राचा पत्ता नाही. एका वळणावर मी गिअर बदलला आणि... समोरचे दोन्ही दिवे गेले!

गेले म्हणजे मिणमिणले वगैरे नाही. कोणीतरी फुंकर मारल्यासारखे एकदम गेले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काय आहे ते न दिसलेलंच बरं. सासूबाईंनी मागून "अगं बाई!" एवढंच म्हटलं. मी ब्रेक कचकन दाबला नाही, स्टिअरिंग आहे तसं धरून ठेवलं आणि डोंगराच्या बाजूचा इंडिकेटर लावला. तो चालू होता! त्याच्या पिवळ्या उघडझापीत रस्त्याची कड दिसली आणि मी गाडी हळूहळू कडेला घेतली. यजमानांनी खाली उतरून चाकांना दगड लावले.

मग मी दिव्यांच्या स्विचला हात लावला आणि चटकन मागे घेतला. स्विच चांगलाच तापला होता. प्लास्टिक जळाल्याचा वासही येत होता. स्विच बंद करून आम्ही दहा मिनिटं थांबलो. पुन्हा ओढला, तर दिवे लख्ख! पाच-सात मिनिटं गाडी चालवली, पुन्हा अंधार. शेवटी मागून एक एसटी आली. तिला पुढे जाऊ दिलं आणि तिच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून, थांबत थांबत आम्ही विक्रमगड गाठलं. पुढे मनोर, हमरस्ता, वर्सोव्याचा पूल... दहिसरचा टोलनाका दिसला तेव्हा सासूबाईंनी देवळापुढे जोडावेत तसे हात जोडले!

घरी आल्यावर अपेक्षित होतं तेच झालं. "विकून टाका आता ते धूड!" मुलगा म्हणाला. यजमानही गप्प राहिले, म्हणजे त्यांनाही पटलं होतं.

मला मात्र पटत नव्हतं. ही जीप सासऱ्यांची. १९९६ सालची, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना ताकद देणारी. मोठ्या गिअरशेजारी तिचा एक छोटा दांडा आहे. तो टाकला की पुढची चाकंही ओढायला लागतात आणि चिखलात रुतलेली गाडी गुरगुरत बाहेर येते. आमच्या पाड्यापासून डांबरी रस्ता तीन किलोमीटर आहे, मध्ये एक ओढा. पावसाळ्यात तिथे दुसरी गाडी जातच नाही. दादांनी, म्हणजे सासऱ्यांनी, याच जीपमधून किती आजारी माणसं जव्हारच्या कुटीर रुग्णालयात पोचवली त्याची गणती नाही. मला गाडी शिकवली तीही याच जीपवर, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. "बाईमाणसाला गाडी आली पाहिजे, वेळ सांगून येत नाही," असं म्हणायचे. त्यांची गाडी एका स्विचपायी भंगारात घालायची?

दिवाळी झाल्यावर जीप गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने स्विच काढला, नवा बसवला, पंधरा मिनिटांत काम फत्ते! आम्ही खूश. तीन आठवड्यांनी संध्याकाळी बोरिवलीहून परत येताना मी सहज स्विचला बोट लावलं, आणि पोटात गोळाच आला. नवा स्विचही तापला होता.

म्हणजे रोग दुसराच होता, आणि आपण फक्त तापाची गोळी घेतली होती.

दहिसर चेकनाक्याच्या परिसरात गाड्यांची कामं करणाऱ्यांची काही कमी नाही. तिथेच एका शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक काका भेटले. साठी उलटलेले, कानाला पेन्सिल, हातात मल्टिमीटर. त्यांनी स्विचला हातही लावला नाही. आधी विचारलं, "वहिनी, दिवे गेले तेव्हा दोन्ही एकदम गेले की एक एक?"

"दोन्ही एकदम."

"हॉर्न, इंडिकेटर चालू होता?"

"होता."

"मग बॅटरी ठीक. एकच दिवा गेला असता तर बल्ब नाहीतर त्याची वायर बघितली असती. दोन्ही एकदम गेले म्हणजे दोघांच्या सामाईक वाटेत खोट आहे. स्विच, फ्यूज, नाहीतर मधला जोड."

किती साधी गोष्ट! घरात एकाच खोलीतला दिवा गेला तर आपण बल्ब बघतो, सगळ्या घरातले गेले तर मेन स्विच बघतो. गाडीचंही तसंच असतं, हे इतकी वर्षं गाडी चालवूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग काकांनी इंजिन सुरू करायला लावलं, दिवे लावले आणि मल्टिमीटरच्या दोन सुया बॅटरीवर टेकवल्या. आकडा आला १३.६ व्होल्ट. त्याच सुया दिव्याच्या होल्डरवर टेकवल्या. आकडा ११.२!

"दोन पूर्णांक चार व्होल्ट वाटेत सांडले," काका म्हणाले. "आता कुठे सांडले ते शोधू. पाइपातून पाणी गळतं तसंच आहे हे." एकेक जोड तपासत ते पुढे गेले. एकट्या स्विचमध्ये १.१ व्होल्ट, जुन्या बारीक वायरी आणि जोडांत ०.८, आणि उरलेले ०.५ 'अर्थ'मध्ये. अर्थ म्हणजे दिव्याची काळी वायर जिथे गाडीच्या पत्र्याला बोल्टने घट्ट केलेली असते ती जागा. करंटला परत बॅटरीकडे जायची वाट तीच. आमच्या जीपमध्ये तो बोल्ट गंजून तपकिरी झाला होता. जोडांच्या पितळेवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर होता.

"ही गाडी कधी पाण्यात उभी होती का?"

होती ना! २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि आमच्या सोसायटीच्या आवारात नदीचं पाणी जीपच्या सीटपर्यंत आलं होतं. त्यानंतर इंजिन धुतलं, सीटा वाळवल्या, पण वायरींच्या जोडांकडे कोण बघतंय? शिवाय दरवर्षी ओढ्यातून ये-जा होतीच. चारही चाकांवर चालणारी गाडी पाणी-चिखल तुडवते म्हणून आपण तिचं कौतुक करतो, पण तोच चिखल तिच्या जोडांत जाऊन बसतो.

आता खरी गंमत ऐका. काकांनी बल्ब काढून वाचला. "१०० वॅट! हा कोणी घातला?"

यजमान चाचरत म्हणाले, "मीच... चार वर्षांपूर्वी. उजेड कमी वाटत होता म्हणून."

या प्रकारच्या दिव्यांना नेहमीचा हॅलोजन बल्ब ६० आणि ५५ वॅटचा असतो. लांबचा उजेड ६०, जवळचा ५५. नियमात बसतो तोही हाच. वॅटला व्होल्टने भागलं की करंट निघतो. ६० भागिले १२ म्हणजे ५ अँपिअर, दोन दिव्यांचे १०. बल्ब १०० वॅटचे घातले की हाच आकडा जवळजवळ १७ वर जातो. आणि खराब जोडात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट पावणेदोनपटीच्या आत असला तरी ताप मात्र पावणेतीनपट! आमच्या स्विचच्या इवल्याशा पत्तीत साधारण १७ वॅट उष्णता कोंडत होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची कावी २५ वॅटची असते. स्विच जळणार नाही तर काय होईल?

आणि उजेड मुळात कमी का वाटत होता? तर व्होल्ट वाटेत सांडत होते म्हणून. अशा बल्बला मिळणारा दाब दहा टक्के कमी झाला, तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. आमचा दाब तर अठरा टक्के कमी होता, म्हणजे उजेड जवळजवळ निम्मा. उजेड कमी म्हणून बल्ब मोठा. बल्ब मोठा म्हणून जोड जास्त तापले. तापले म्हणून आणखी खराब झाले. खराब झाले म्हणून उजेड आणखी कमी! चार वर्षं हे चक्र चालू होतं आणि आम्ही त्यात नव्या स्विचची भर घातली होती.

"मग काका, आणखी मजबूत स्विच मिळतो का?" मी विचारलं.

काका हसले. "वहिनी, तुमच्या गावाला पिठाची गिरणी आहे? तिची मोटर कशी चालू करतात?"

"हिरवं बटण दाबून."

"त्या बटणातून मोटरचा सगळा करंट जातो का? बटण फक्त सांगतं. भार उचलतो तो आतला स्टार्टर. तुमच्या गाडीच्या चावीचंही तेच. इंजिन फिरवायला शंभरावर अँपिअर लागतात, ते काय चावीतून जातात? चावी नुसती सांगते. पण जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट स्विचच्या पोटातूनच नेलेला असतो. स्विचचं काम हुकूम द्यायचं. ओझं वाहायचं नाही."

हे वाक्य ऐकून मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी लगेच वायरींकडे बघायला सुरुवात केली! घरात 'सांगायचं' कोणी आणि 'वाहायचं' कोणी, यावर आमच्याकडे अधूनमधून चर्चा होत असते. असो.

तर गाडीतल्या या भार उचलणाऱ्याचं नाव रिले. काडेपेटीपेक्षाही लहान डबी असते. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं. स्विच ओढला की त्या वेटोळ्यातून अगदी थोडा, अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो, त्याचं लोहचुंबक होतं, ते 'टिक्' करून एक जाड पत्ती ओढून घेतं आणि बॅटरीतला मोठा करंट त्या पत्तीतून सरळ दिव्यांना मिळतो. जवळच्या उजेडाला एक रिले, लांबच्या उजेडाला एक. म्हणजे एक बिघडला तरी दुसऱ्यावर घर गाठता येतं.

त्या दिवशी मी तिथेच स्टुलावर बसले आणि काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. पाहिलं कसलं, अर्धं तर केलंच! काकांची पहिली आज्ञा होती, "बांगड्या, अंगठी काढा आणि मंगळसूत्र पदरात खोचा." मी चमकले. मग त्यांनी समजावलं. बॅटरी १२ व्होल्टची, तिला हात लावून शॉक बसत नाही, म्हणून आपण निष्काळजी होतो. पण हातातली धातूची बांगडी एकीकडे बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरीकडे पत्र्याला टेकली, तर क्षणात लाल होते. बोट भाजून निघतं. म्हणूनच काम सुरू करताना आधी बॅटरीचं उणे टोक सोडवायचं आणि शेवटी तेच सगळ्यात नंतर जोडायचं.

मग जुना स्विच उघडून दाखवला. आतली पितळी पत्ती काळीठिक्कर, स्प्रिंग मऊ पडलेली. "कार्बन धरलाय," काका म्हणाले. पॉलिश पेपरने घासून पत्ती तात्पुरती चालली असती, पण तापून मऊ झालेली स्प्रिंग पुन्हा ताठ होत नाही. म्हणून तीन आठवड्यांचा नवा स्विचच ठेवला, फक्त त्याचे जोड साफ करून, सैल झालेले लग पक्कडीने आवळून. अर्थचा बोल्ट काढून खालचा पत्रा चकाकेपर्यंत घासला, ते काम माझं. बोल्ट घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन चोपडलं, म्हणजे पाणी शिरत नाही. बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि रिलेपासून दिव्यांपर्यंत नव्या जाड वायरी, अडीच चौरस मिलिमीटरच्या. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी वायसर, नाहीतर हादऱ्यांनी वायर सोलवटते. आणि बॅटरीच्या अगदी जवळ दोन फ्यूज, १५ अँपिअरचे. जवळ का? तर फ्यूजच्या आधीची वायर उघडी पडली तर तिला वाचवणारं कोणी नसतं, म्हणून तेवढी वायर कमीत कमी ठेवायची.

शेवटी १०० वॅटचे बल्ब काढून ६०-५५ चे बसवले. होल्डरवर पुन्हा सुया टेकवल्या. १३.२ व्होल्ट! समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड बघून यजमान म्हणाले, "अरेच्चा, लहान बल्बचा उजेड जास्त कसा?" आता उत्तर द्यायला मी होते!

सगळ्या सामानाला आणि मजुरीला मिळून एका बऱ्या साडीएवढा खर्च आला. जीप विकायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा दिवेही तपासतात. ती काळजीही मिटली.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे जीप आहे? पण स्विच सगळीकडे सारखाच वागतो हो. इस्त्रीचा प्लग हाताला चटका देण्याइतका तापतो का? मिक्सरच्या पिनेवर काळा डाग पडलाय का? २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावला की तिथेही आमच्या जीपचीच कथा. दिवा लावताना स्विचमध्ये 'चर्र' आवाज येणं, वास येणं, बटण पिवळं पडणं, या सगळ्या तक्रारीच असतात. आपण त्या ऐकत नाही. स्कूटीचा दिवा मिणमिणत असेल तर लगेच मोठा बल्ब घालू नका, आधी जोड आणि अर्थ बघून घ्या. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तार किंवा चांदीचा कागद तर कधीच नको. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवायला. त्याचं तोंड बंद केलं की पुढची पाळी वायरीची, आणि मग आगीची.

हे सगळं स्वतःच्या हाताने केलंच पाहिजे असं नाही. पण दुरुस्तीला गेल्यावर एवढं तरी विचारायचं: "जुना भाग जळला कशामुळे? बॅटरीवर किती व्होल्ट आहेत आणि दिव्यावर किती? अर्थ तपासला का?" हे प्रश्न विचारले की समोरचा माणूसही सावरून बसतो. "तुम्हाला नाही कळायचं, साहेबांना पाठवा," हे ऐकायची वेळ येत नाही.

शेवटचं एक सांगते. २०२४ च्या जुलैत लावणीसाठी आम्ही पाड्यावर होतो. रात्री पावणेदोनला दार वाजलं. शेजारच्या घरातली सून अडली होती. १०८ ला फोन झाला होता, पण रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती. अलीकडे ओढा, चिखल आणि धो धो पाऊस. यजमानांनी माझ्याकडे बघितलं. मी चावी घेतली.

मागे ती मुलगी, तिची सासू आणि माझ्या सासूबाई. छोटा दांडा टाकला, लांबचा उजेड लावला. 'टिक्' ऐकू आलं. ओढ्यात पाणी किती आहे, दगड कुठे आहेत, पलीकडची चढण कुठून धरायची, सगळं लख्ख दिसत होतं. तीन किलोमीटरला पाऊण तास लागला. डांबरीवर रुग्णवाहिका उभी होती. तिला आत चढवताना मुलीने माझा हात घट्ट दाबला, इतका की बांगडी रुतली. सकाळी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

रुग्णवाहिका निघून गेली तशी मी जीपमध्ये येऊन बसले. पाऊस सुरूच होता, दिवे तसेच जळत होते. मी हळूच हात पुढे केला आणि स्विचला लावून बघितला.

गार होता.